पेशीचं मरण अडवून धरणारी प्रथिनं

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६९ वर्षांचे. त्यांना सीएलएल आहे, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. पांढऱ्या पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे सव्वा लाखाच्या घरात गेल्यात. डॉक्टरांनी व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी सुरू करायचं ठरवलंय आणि समजावताना म्हणाले, 'ही गोळी कर्करोगाच्या पेशींना आत्महत्या करायला लावते.' मुलाच्या तीन शंका आहेत. पेशीच्या आत मरायचं कोण ठरवतं? चांगल्या पेशी त्या गोळीने का मरत नाहीत? आणि औषध इतकं नेमकं असेल तर ४०० मिलिग्रॅमपर्यंत पोचायला ५ आठवडे का लावतात, पहिल्या दिवशी २० मिलिग्रॅम देऊन पुन्हापुन्हा रक्त का काढतात?

मी बरीच वर्षं रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसाचा निम्मा वेळ मेलेल्या, मरणाऱ्या आणि मरायला हव्या होत्या पण न मेलेल्या पेशी बघण्यात जातो. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी 'आत्महत्या' हा शब्द बाजूला ठेवते. डॉक्टर सोयीसाठी वापरतात, मीही वापरलाय. पण त्याने चित्र उलटं उभं राहतं. असं वाटतं की पेशी मजेत जगत होती आणि एके दिवशी कुणीतरी आत मरणाचं बटण दाबलं. प्रत्यक्षात मरायची सगळी हत्यारं जवळजवळ प्रत्येक पेशीत आधीपासून तयार असतात. कात्री धार लावून ठेवलेली असते आणि काही प्रथिनं ती अडवून धरतात, दर तासाला, दर मिनिटाला. ती पकड सुटली की पेशी मरते. तुमच्या वडिलांच्या आजारात बिघाड नेमका त्या पकडीत आहे, आणि गोळीही नेमकी तिथेच काम करते.

या मरणाचं शास्त्रीय नाव अ‍ॅपॉप्टोसिस. १९७२ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठात केर, वायली आणि करी या तिघांनी ते रूढ केलं. शब्द त्यांना तिथल्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी सुचवला. अर्थ आहे गळणं, झाडाची पानं गळतात तसं. मराठीत याला पानगळ म्हणायला माझी काहीच हरकत नाही. वळवाच्या वादळात मोडून लोंबकळणारी फांदी कधी नीट बघितली आहे का? तिची पानं वाळून करकरीत होतात, पण फांदीवरच चिकटून राहतात. शेजारच्या धडधाकट फांदीवरचं पिकलेलं पान मात्र बोट लावलं तरी गळतं. कारण पान गळायला देठाशी एक खास थर तयार व्हावा लागतो आणि तो जिवंत झाडच करू शकतं. मोडलेल्या फांदीत ते काम करायला कुणी उरलेलं नसतं. पेशींचंही तसंच आहे. भाजणं, चिरडणं, रक्तपुरवठा तुटणं यांनी मरणारी पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आसपास सूज येते. अ‍ॅपॉप्टोसिसने मरणारी पेशी शेवटपर्यंत ऊर्जा खर्चून, पायरीपायरीने स्वतःची आवराआवर करते.

सूक्ष्मदर्शकाखाली दर दोन मिनिटांनी एक फोटो घेत राहिलं आणि ते फोटो मग जोडून पाहिले की हे फार स्पष्ट दिसतं. तळाला पसरून चिकटलेली पेशी आधी पाय आखडून घेते आणि गोल होते. थोड्या वेळाने तिच्या पृष्ठभागावर फुगे येऊ लागतात, चुलीवर पेज रटरटावी तसे. केंद्रक आक्रसून गडद ठिपके होतात. शेवटी पेशीची आवरणात नीट बांधलेली लहान-लहान पुडकी होतात आणि शरीरात असेल तर शेजारची भक्षक पेशी ती गिळून टाकते. सूज नाही, पू नाही. म्हणूनच शरीरात रोज अब्जावधी पेशी जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे सगळं ठरलेल्या प्रथिनांच्या हुकमाने चालतं हे पहिल्यांदा कळलं ते एका मिलिमीटरभर लांबीच्या, पारदर्शक, मातीतल्या कृमीमुळे. सी. एलेगन्स त्याचं नाव. जॉन सल्स्टन यांनी त्याची एकेक पेशी कुठून येते आणि कुठे जाते याची वंशावळ लावली. प्रौढ होईपर्यंत त्याच्या शरीरात १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांपैकी बरोबर १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच, साधारण त्याच वेळी. पुढे रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत या मरणाची जनुकं हाती लागली. सेड-३ आणि सेड-४ बिघडवली तर १३१ पेशी मरतच नाहीत. सेड-९ बिघडवलं तर उलट, ज्यांनी जगायचं त्याही मरतात. म्हणजे सेड-९ हे मरण अडवणारं प्रथिन, आणि नंतर सापडलेलं ईजीएल-१ हे त्या अडवणाऱ्याला बाजूला सारणारं. सिडनी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आता माणसाकडे येऊ. फॉलिक्युलर लिम्फोमा नावाच्या कर्करोगात १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. १८ व्या गुणसूत्रावरचं एक जनुक जाऊन बसतं ते १४ व्यावरच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी. बी लिम्फोसाइटमध्ये ती जागा म्हणजे सतत पेटलेली भट्टी, त्यामुळे या नव्या पाहुण्याचं प्रथिन भरमसाट बनू लागतं. त्याला नाव पडलं बीसीएल-२, म्हणजे बी सेल लिम्फोमामध्ये सापडलेलं दुसरं. तोवर कर्करोगाचं जनुक म्हटलं की ते पेशीला भराभर विभागायला लावत असणार असंच सगळे धरून चालायचे. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड वॉक्स, सुझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी बीसीएल-२ जास्त असलेल्या पेशींचं पोषण करणारा वाढघटक काढून घेतला. साध्या पेशी मेल्या. या पेशी वाढल्या नाहीत, विभागल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या.

या प्रयोगाने कर्करोगाकडे बघायची दृष्टीच बदलली असं माझं मत आहे. गर्दी दोन तऱ्हांनी होते: येणारे वाढले म्हणून, किंवा जाणारे गेलेच नाहीत म्हणून. सीएलएल मोठ्या प्रमाणात दुसऱ्या तऱ्हेचा आजार आहे. वडिलांच्या स्लाइडवर दिसणारे लिम्फोसाइट बहुतेक शांत, लहान, म्हातारे दिसतात. घाईत विभागणाऱ्या पेशींचा थाट त्यांच्यात नसतो. ते रोज थोडे-थोडे साठत गेलेले असतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत १३ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गहाळ असतो. त्या तुकड्यावर प्रथिन बनवणारं मोठं जनुक कुठलं, हे लोक बराच काळ शोधत होते. निघालं भलतंच: तिथे दोन अगदी छोटे आरएनए होते, मीर-१५ए आणि मीर-१६-१, आणि त्यांचं एक काम होतं बीसीएल-२ चं उत्पादन दाबून ठेवणं. दाबणारा गेला, बीसीएल-२ वाढलं.

१९९२ मधली एक गोष्ट मला अजूनही गंमतीची वाटते. माणसाचं बीसीएल-२ त्या कृमीत घातलं तर ते तिथेही पेशींचं मरण अडवतं. कृमी आणि माणूस यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण मरणाची कळ तीच राहिली.

आता प्रश्नाचा गाभा: ठरवतं कोण? बीसीएल-२ हे एकटं प्रथिन नव्हे, ते घराणं आहे आणि घराण्यात तीन गट आहेत.

पहिला गट बॅक्स आणि बॅक या दोघांचा. हे प्रत्यक्ष मारेकरी. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणून वाचलेल्या ऊर्जाकेंद्रांच्या, बाहेरच्या आवरणाला भोकं पाडणं हे त्यांचं काम. बॅक तिथेच आवरणात बसलेला असतो. बॅक्स बहुतेक वेळ पेशीद्रवात हिंडत असतो आणि इशारा मिळाला की आवरणात घुसतो. दुसरा गट रक्षकांचा: बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१ आणि आणखी एकदोन. तिसरा गट निरोप्यांचा: बिम, प्युमा, नॉक्सा, बॅड, बिड वगैरे. पेशीत कुठे काही बिनसलं की ज्या-त्या खात्याचा निरोप्या वाढतो किंवा जागा होतो.

खरी मौज या तिघांच्या सांध्यात आहे. रक्षकाच्या अंगावर एक लांबट खोबण असते. निरोप्याच्या अंगावर बीएच-३ नावाचा स्क्रूच्या आट्यांसारखा वळलेला एक तुकडा असतो, आणि त्याची पाण्यापासून दूर पळणारी बाजू त्या खोबणीत अगदी घट्ट बसते. बॅक्स आणि बॅक यांचाही तसाच तुकडा त्याच खोबणीत धरला जातो. म्हणजे खोबण एक आणि उमेदवार अनेक. रक्षकाच्या खोबणी रिकाम्या आहेत तोवर तो येईल त्याला पकडून ठेवतो. निरोपे फार झाले की खोबणी भरतात, उरलेले निरोपे मोकळे सुटतात आणि थेट बॅक्स-बॅकला जागं करतात. शिवाय आधी धरलेले बॅक्स-बॅकही निसटतात. या प्रथिनांपैकी कुणीच विचार करत नाही. कोण किती आहे आणि कोण कुणाला किती घट्ट चिकटतं, एवढ्यावर पेशीचा निकाल लागतो.

एकदा भोकं पडली की मात्र परतीचा रस्ता जवळपास नाही. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया काही मिनिटांत एकामागून एक फुटत जातात. त्यांच्यातून सायटोक्रोम सी बाहेर येतं. हे तेच प्रथिन, जे आत असताना श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेतं. १९९६ मध्ये शाओदोंग वांग यांच्या प्रयोगशाळेने ते मरणाच्या कामातही सापडल्याचं सांगितलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. घरात राबणारी वस्तू दाराबाहेर दिसली की काहीतरी घडलंय हे ओळखावं, तसं पेशी करते. बाहेर आलेलं सायटोक्रोम सी एपॅफ-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि सात एपॅफ-१ मिळून सात आऱ्यांचं चाक तयार होतं. या चाकावर कॅस्पेज-९ हे प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम) जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला तोडून जागं करतं, आणि कॅस्पेज-३ ही खरी कात्री. कृमीतलं सेड-३ म्हणजे कॅस्पेज, सेड-४ म्हणजे एपॅफ-१, सेड-९ म्हणजे बीसीएल-२. हिशेब जुळला.

कात्रीलाही म्यान आहे. एक्सआयएपी नावाचं प्रथिन कॅस्पेजवर बसून तिला कापू देत नाही. त्याच भोकांतून सायटोक्रोम सीबरोबर स्मॅक नावाचं आणखी एक प्रथिन बाहेर पडतं आणि एक्सआयएपीला खेचून बाजूला करतं. म्हणजे एका हाताने कात्री परजायची आणि दुसऱ्या हाताने म्यान काढायचं, दोन्ही एकाच घटनेने.

कॅस्पेज अंदाधुंद कापत नाहीत. प्रथिनांच्या साखळीत अ‍ॅस्पार्टेट नावाचं अमिनो आम्ल असेल तिथे, तेही आजूबाजूची अक्षरं जुळली तरच, एक छेद देतात. अशा शेकडो प्रथिनांना छेद पडतो. केंद्रकाचं अस्तर सुटतं. सांगाडा आखडतो, त्यातून ते पेजेसारखे बुडबुडे येतात. डीएनए कापणाऱ्या एका विकरावर एरवी झाकण असतं, ते झाकण कापलं जातं. मग डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्या रिळांमधल्या मोकळ्या जागी तुटतो. जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, चढवला तर साधारण १८० अक्षरांच्या पटीत एकाखाली एक पट्टे दिसतात, चक्क शिडी. फुटून मेलेल्या पेशींचा डीएनए तिथे नुसता धुरासारखा पसरलेला दिसतो. आता हा प्रयोग फारसं कुणी करत नाही, पण विद्यार्थ्यांना मी तो एकदा तरी करायला लावतेच.

आणखी एक छेद पेशीच्या बाह्य पटलाशी संबंधित आहे. फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ जिवंत पेशी पटलाच्या आतल्या बाजूला दडवून ठेवते. कॅस्पेजच्या कापाकापीनंतर तो बाहेरच्या बाजूला येतो, आणि भक्षक पेशीला ती 'मला उचला' अशी पाटी वाटते. आम्ही प्रयोगशाळेत अ‍ॅनेक्सिन नावाच्या प्रथिनाने हीच पाटी मोजतो. शिकत असताना मी एकदा औषध न दिलेल्या पेशींमध्येही जवळजवळ निम्म्या पेशी अ‍ॅनेक्सिनने चमकताना पाहिल्या आणि आपण काहीतरी नवीन शोधलंय अशा आनंदात सरांकडे धावत गेले. सरांनी विचारलं, ट्रिप्सिनमध्ये (तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या विकरात) किती वेळ ठेवलेस? मी चहाला गेले होते. ते म्हणाले, "अगं, या पेशी मेल्या नाहीत, तू मारल्यास." ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं आणि वर मी पिपेटने पेशी घुसळल्या. पटल फाटलेल्या पेशीत अ‍ॅनेक्सिन आत शिरून तीच पाटी वाचतं. तेव्हापासून पटल फाटलंय का हे दाखवणारा दुसरा रंग घातल्याशिवाय मी कुणाचाही अहवाल वाचत नाही.

निरोप्यांना कामाला कोण लावतं हे थोडक्यात सांगते. डीएनए तुटला की पी५३ नावाचं प्रथिन साठतं. एरवी एमडीएम-२ नावाचं प्रथिन त्याला बनल्या-बनल्या मोडीत पाठवत असतं. साठलेलं पी५३ आधी पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि नुकसान फार असेल तर प्युमा आणि नॉक्सा या निरोप्यांची जनुकं चालू करतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही विषाणू ई-६ नावाच्या आपल्या प्रथिनाने हेच पी५३ नष्ट करवून घेतो. त्याला आपली यजमान पेशी मरायला नको असते. हत्तीत पी५३ च्या जनुकाच्या आई-वडील दोघांकडून मिळून साधारण ४० प्रती असतात, माणसात आईकडून एक आणि वडिलांकडून एक. हत्तींना कर्करोग कमी होण्याशी याचा संबंध लावला जातो.

दुसरा निरोप शेजाऱ्यांकडून येतो, किंवा खरं तर यायचा थांबतो. बहुतेक पेशींना आसपासच्या पेशींकडून 'जग, जग' असे रासायनिक निरोप सतत लागतात. ते आहेत तोवर बॅडवर फॉस्फेट चिकटवून त्याला निष्क्रिय ठेवलं जातं आणि बिमचं प्रमाण कमी राहतं. निरोप थांबले की दोघेही उठतात. लिम्फोसाइट याच दोरीवर लटकलेले असतात. म्हणूनच सीएलएलच्या पेशी रक्तातून काढून नुसत्या पोषक द्रवात ठेवल्या तर बऱ्याचदा लवकर मरतात, आणि लसिकागाठीत वा हाडांच्या मज्जेत आजूबाजूच्या पेशींच्या कुशीत त्याच पेशी महिनोन्महिने टिकतात.

तिसरा रस्ता बाहेरून आहे. पेशीच्या पृष्ठभागावर फॅससारखे ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारी प्रथिनं (रिसेप्टर), असतात. मारेकरी टी पेशीने त्यांना स्पर्श केला की आतल्या बाजूला कॅस्पेज-८ गोळा होऊन जागं होतं आणि काही पेशींत मायटोकॉन्ड्रियाला न विचारता थेट कात्री चालवतं. एखाद्या विषाणूने कॅस्पेज-८ च बंद पाडलं तर पेशीकडे आणखी एक मार्ग असतो, आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही प्रथिनं पेशीचं पटलच फाडतात. त्यात नीटनेटकेपणा नाही, सूज भरपूर. तो विषय इथे नको.

आता गोळी. १९९६ मध्ये अ‍ॅबट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी बीसीएल-एक्सएलचा त्रिमितीय आकार प्रसिद्ध केला आणि ती खोबण दिसली. मग त्या खोबणीत बसेल असा, निरोप्याच्या बीएच-३ तुकड्याची नक्कल करणारा छोटा रेणू बनवायच्या मागे लोक लागले. दोन प्रथिनांमधला सांधा औषधाने सोडवणं तेव्हा जवळपास अशक्य मानलं जायचं, कारण असे सांधे रुंद आणि सपाट असतात. २००५ मध्ये पहिला चांगला रेणू आला. त्यातून पुढे नेव्हिटोक्लॅक्स नावाची गोळी झाली. ती बीसीएल-२ ची खोबण बुजवायची आणि बीसीएल-एक्सएलचीही. रुग्णांना दिली तर काही दिवसांत प्लेटलेट घसरायच्या.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर याच घसरणीत आहे. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं प्रथिन बनवायची तिची ताकद जेमतेम. मज्जेतून बाहेर पडताना ती बीसीएल-एक्सएलची ठरावीक शिदोरी घेऊन निघते, आणि ती शिदोरी बॅकला धरून ठेवते. दिवसागणिक बीसीएल-एक्सएल झिजत जातं, साधारण आठ-दहा दिवसांत बॅक सुटतो आणि प्लेटलेट जाते. हे घड्याळ २००७ मध्ये त्याच मेलबर्नच्या संस्थेने दाखवलं. नेव्हिटोक्लॅक्स ते घड्याळ जोरात पळवत होतं. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची रचना अशी बदलली की तो बीसीएल-२ च्याच खोबणीत घट्ट बसेल. तेच व्हेनेटोक्लॅक्स. अमेरिकेत त्याला एप्रिल २०१६ मध्ये पहिली मान्यता मिळाली, तीही १७ व्या गुणसूत्राचा पी५३ असलेला भाग गमावलेल्या सीएलएल रुग्णांसाठी. केमोथेरपीची बरीच औषधं डीएनए तोडून पी५३ करवी पेशी मारतात, त्यामुळे पी५३ नसलं की ती बोथट होतात. ही गोळी पी५३ च्या पुढच्या पायरीवर काम करते, तिला त्याची परवानगी लागत नाही.

म्हणजे चांगल्या पेशी वाचतात त्या दोन कारणांनी. एक, बहुतेकांचा भार एकट्या बीसीएल-२ वर नसतो, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ ही सांभाळायला असतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सीएलएलच्या पेशीतलं बीसीएल-२ रिकामं बसलेलं नसतं, त्याच्या खोबणींत आधीच भरपूर बिम अडकवून ठेवलेलं असतं. ही पेशी केव्हाच मरायला हवी होती, निरोप कधीचे येऊन पडलेत, फक्त ते दाबून ठेवलेत. व्हेनेटोक्लॅक्स खोबणीत घुसलं की ते सगळं बिम एकदम सुटतं. साध्या, समाधानी पेशीत सुटायला फारसं काही नसतंच. अगदी काहीच होत नाही असं मात्र नाही. निरोगी लिम्फोसाइटही बीसीएल-२ वर जगतात, तेही कमी होतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही घसरतात, म्हणून ताप आला तर 'बघू उद्या' करायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्याला कळवायचं.

तिसरी शंका खरं तर याच्यातूनच निघते. लाखो कोटी पेशी अशा काठावर उभ्या आणि औषध त्यांना काही तासांत ढकलणारं. तुम्ही म्हणाल, अ‍ॅपॉप्टोसिस तर नीटनेटकं मरण, पुडकी बांधून दिली जातात, मग भीती कशाची? भीती उचलणाऱ्यांची संख्या कमी पडण्याची. भक्षक पेशींना एका वेळी पेलेल त्यापेक्षा जास्त पुडकी पडली तर ती तशीच राहतात, शेवटी फुटतात आणि आतलं सगळं रक्तात येतं. पोटॅशियम वाढतं, त्याने हृदयाचा ठोका बिघडू शकतो. फॉस्फेट वाढतं आणि कॅल्शियमला ओढून घेतं. डीएनएच्या प्युरीनपासून युरिक अ‍ॅसिड बनतं, ते मूत्रपिंडात खड्यांसारखं बसतं. याला ट्यूमर लायसिस सिंड्रोम म्हणतात. सुरुवातीच्या चाचण्यांत, मोठ्या डोसने सुरुवात केली तेव्हा, काही रुग्ण यात दगावले. त्यानंतर २०, ५०, १००, २००, ४०० अशी आठवड्याआठवड्याची चढण ठरली. पहिल्या लहान डोसांनी ढीग हळूहळू उपसायचा, उरलेल्यावर मोठा डोस द्यायचा. २० आणि ५० मिलिग्रॅमच्या पहिल्या गोळीनंतर ६ ते ८ तासांनी आणि २४ तासांनी रक्त बघतात ते यासाठी. गाठी मोठ्या असतील किंवा लिम्फोसाइट फार असतील तर बऱ्याचदा दाखल करून घेतात. सव्वा लाख पेशी आहेत म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सावध राहणं अगदी योग्य आहे.

घरी करायचं ते एवढं: सुरुवातीच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड-दोन लिटर पाणी, वडिलांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी आधी सुरू केलेली असते, ती चुकवायची नाही. व्हेनेटोक्लॅक्स जेवणाबरोबर घ्यायची, रोज साधारण त्याच वेळी. आतड्यातलं आणि यकृतातलं जे विकर हे औषध मोडतं ते ग्रेपफ्रूटने बंद पडतं आणि औषध रक्तात कितीतरी वाढतं. म्हणून ग्रेपफ्रूट, पाच कंगोऱ्यांचं आंबट स्टारफ्रूट आणि मुरंब्यात वापरतात ती कडू संत्री वर्ज्य. पपनसही ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं, तेही मी खाऊ देत नाही. बुरशीवरची व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल किंवा खोकल्यासाठी सहज लिहून दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन हेच करतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात तरी या गोळीचं पाकीट खिशात ठेवा आणि आधी दाखवा.

गोळी आयुष्यभर घ्यायची का, हेही कधीतरी विचाराल. रिटुक्सिमॅब या अँटिबॉडी औषधाबरोबर दिली तर साधारण २ वर्षं, ओबिनुटुझुमॅब या तशाच औषधाबरोबर पहिलाच उपचार म्हणून दिली तर १ वर्ष, मग थांबवतात. सतत देत राहिलं की वाचलेल्या थोड्या पेशी वाटा शोधतात. काहींच्या बीसीएल-२ च्या खोबणीतलं एकच अमिनो आम्ल बदलतं, १०१ व्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन येतं. बिम पूर्वीसारखं बसतं, गोळी मात्र बसत नाही. काही पेशी आपला भार एमसीएल-१ वर सरकवतात.

शेवटची एक सूचना, प्रयोगशाळेच्या खिडकीतून. पांढऱ्या पेशी इतक्या असतील तेव्हा पोटॅशियमचा नमुना फसवतो. सीएलएलच्या पेशी नाजूक असतात, नळी हलली, दुचाकीच्या डिक्कीतून खड्ड्यांत आदळत आली किंवा तासभर तशीच पडून राहिली तर त्या नळीतच फुटतात आणि त्यांचं पोटॅशियम अहवालात वडिलांचं म्हणून छापून येतं. हे अ‍ॅपॉप्टोसिस नव्हे, माझ्या ट्रिप्सिनसारखं साधं मारणं आहे. म्हणून गोळीच्या दिवशी रक्त जिथे तपासायचं तिथेच काढा, घरून गोळा करणाऱ्याकडे देऊ नका. पोटॅशियम अनपेक्षित वाढलेलं आलं तर डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि त्याच वेळी एवढं विचारा की नळी रक्त काढल्यावर किती वेळात यंत्रावर लावली होती आणि ईसीजी काय म्हणतोय.